घरात माणसं किती

पोंभुर्ण्याच्या मोटार स्टँडवर माय मला सोडायला आली तेव्हा माझी ट्रंक तिच्या डोक्यावर होती आणि माझे दोन्ही हात मोकळे होते. शिकलेल्या पोरानं डोक्यावर ओझं घेऊन गावातून जाऊ नये, असं तिचंच म्हणणं. मीही ते लगेच मानलं. धानाची कापणी आटोपली होती, बांधांवर तणसाचे ढीग पडले होते. चिंचटोल्याहून स्टँड दीड तासाच्या वाटेवर. सुमन, तू त्या दिवशी घरीच राहिलीस, कारण रडणार नाही असं तू कबूल करायला तयार नव्हतीस.

गाव संपलं की बोडी, आपलं लहान तळं, लागते आणि बोडीच्या पाळीखाली, बांधाच्या उताराला, पार्बताबाईची झोपडी. तू तिला पाहिलंस ते लांबूनच. एके काळी ती गावची सुईण होती. आपल्या दोघा भावंडांचा जन्म तिच्याच हातचा. मग तिच्या बोटांना कुष्ठरोग लागला, बोटं आखडली, आणि ज्या हातांनी अर्धं गाव जन्माला घातलं ते हात गावाला नकोसे झाले. तिला कोणी हाकललं नाही. नुसतं बोलावणं बंद केलं. तिची तीच पाळीखाली जाऊन राहिली.

माय तिला दर चार दिवसांनी भात आणि लाखोळीचं वरण पाठवायची, माझ्या हाती. झोपडीपासून वीस पावलांवर एक चपटा दगड होता, त्यावर ताट ठेवायचं. माय निघताना बजावायची, "टेवून येजो, पन बोलल्याबिगर येऊ नोको. तिले भातापरीस बोलनं पाहिजे." मी ताट ठेवायचो आणि पळत सुटायचो. घरी येऊन सांगायचो, बोललो. त्यामुळे खोटं बोलायला मी चंद्रपुरात शिकलो असं कोणी म्हणू नये. ते मी गावातूनच शिकून निघालो होतो.

त्या दिवशीही पार्बताबाई दारात उभी होती. माय थांबली, मी पुढे चालत राहिलो. दोघी काही बोलल्या, मग माय मागून आली आणि म्हणाली की बाईनं तुला चांगलं राहा म्हटलं आहे. मोटार आली. ट्रंक टपावर चढली. मायनं खिडकीच्या गजातून माझी बोटं धरली. "जाशीन तेथून खुशाली धाडजो, यशवंता. खरी धाडजो. खोट्या खुशालीनं मायचं पोट भरत नाई."

गावातून माझ्याआधी आणि माझ्यानंतर कितीतरी जण गेले. कोणी बल्लारपूरला, कोणी नागपूरला, दोघे तर पार भिलाईला. तुम्हीही हे वाचाल. तुमच्यातल्या प्रत्येकाच्या मायनं गजातून असंच काही सांगितलं असेल. तुम्ही काय धाडलं ते तुम्हाला ठाऊक. मी काय धाडलं ते लिहायला बसलो आहे.

चंद्रपूर तेव्हा फुगत चाललं होतं. ऐंशी सालानंतरची ती वर्षं. खाणी, वीज, कागद, जिकडे तिकडे माणूस पाहिजे होतं. किल्ल्याच्या परकोटाच्या भिंतीला लागून एक खोली मी आणि परगावच्या दोन मजुरांनी मिळून घेतली. दहावी पास झालेल्या मला ठेकेदाराकडे कोळसा भरायचं काम मिळालं. वॅगन लागली की टोपली आणि फावडं. गावात सांगितलं, कोळशात लागलो. गावाला वाटलं खाणीत साहेब झालो. मीही खुलासा केला नाही.

वर्ष उलटलं तेव्हा उजव्या टाचेला हा एवढा फोड आला आणि मला कळलंच नाही. सोबतचा गडी म्हणाला की तुझ्या चपलेतून पाणी गळतं आहे. तापलेल्या पत्र्यावर पाय पडला होता, तो मला लागलाच नव्हता. पाठीवर आणि दंडावर फिकट चट्टे होते, त्यांना मी घामाचे डाग समजत होतो. दवाखान्यातल्या डॉक्टरनं मला डोळे मिटायला सांगून, हातात पेन घेऊन विचारलं, चट्ट्यावर टोक कळतं का. मी म्हणालो, कळतं. त्यानं अजून पेन लावलंच नव्हतं.

तिथून मला शहरातल्याच कुष्ठरोगाच्या दवाखान्यात पाठवलं. लांब पडवी, वर पत्रा, भिंतीला टेकून बाकं. टेबलापाशी एक तपासणारे भाऊ बसायचे. बारीक अंगाचे, सायकलीची क्लिप पँटला तशीच लावलेली. त्यांनी माझं कार्ड काढलं. नाव विचारलं, मी खरं सांगितलं. वय खरं सांगितलं. गाव विचारलं आणि माझ्या तोंडून निघालं, जिवतीकडचं. डोंगरावरच्या एका गुड्याचं, आदिवासी पाड्याचं, नाव मी ठोकून दिलं. एका ट्रकच्या मदतनिसाकडून ऐकलेलं नाव. तिथं ना धड वाट, ना मोटार. तिथवर कोण मरायला जातंय, हा माझा हिशेब.

त्यांचा पुढचा प्रश्न होता, "घरात माणसं किती?"

"एकटाच," मी म्हणालो.

त्यांनी लिहून घेतलं. मग समजावून सांगितलं की हा रोग बरा होतो, दोन वर्षं गोळ्या घ्यायच्या, महिन्याच्या ठरल्या दिवशी इथं येऊन आमच्यासमोर लाल कॅप्सूल गिळायची, बाकीच्या रोज खोलीवर. औषध सुरू झालं की माणसापासून कोणाला धोका राहत नाही. पण आधी घरात कोणाला लागलं असेल तर ते लवकर सापडलं पाहिजे, म्हणून आम्ही घरी जाऊन सगळ्यांना तपासतो, कोणी एकटा असला तरी गावात जाऊन त्याच्या जवळच्यांना. वेळेत सापडलं तर बोट वाकत नाही. हे सगळं मी मान हलवत ऐकलं. माझ्या डोळ्यांसमोर तू होतीस, सुमन. तुझ्यासाठी स्थळं येऊ लागली होती. सायकलवाला माणूस चिंचटोल्यात आमचं घर विचारत आला, की संपलं सगळं. असं मी तेव्हा मनाला सांगितलं. आता वाटतं, तुझं लग्न हे निमित्त होतं. मला पार्बताबाई व्हायचं नव्हतं.

तीन महिन्यांनी ते भाऊ मला म्हणाले, "तुमच्या गावाला जाऊन आलो. मोटार सोडून दिवसभर चाललो. तिथं तुम्हाला कोणी ओळखत नाही." त्यांच्या ओठांना उन्हानं चिरा पडल्या होत्या. मी म्हणालो, गावची माणसं लाकडं तोडायला तेलंगणाकडे उतरली असतील. ते म्हणाले, हो, असं होतं खरं, पावसाळा झाला की पुन्हा एक चक्कर मारतो. त्यांना माझा संशयही आला नाही. चोराच्या मनात चांदणं, तसा मी पुढचे तीन महिने त्यांच्या सायकलीचा आवाज ऐकला तरी घाबरत होतो.

गोळ्यांनी अंग काळं पडतं. हे मला आधी सांगितलं होतं, आणि बरं झाल्यावर वर्षभरात रंग परत येतो हेही. तरी आरशातला तो जांभळट काळा चेहरा बघवत नव्हता. टाचेच्या जखमेमुळे कोळशाचं काम तर सुटलंच होतं, मी एका आरा मशीनवर लाकडं मोजायला मुनीम म्हणून लागलो होतो. पण गावात कोळसाच चालू ठेवला. कोळशानं माझ्यावर फार उपकार केले. रंगाचं उत्तर आयतं मिळालं.

दिवाळीत घरी आलो तेव्हा मायनं मला न्हाणीत बसवून घासलं होतं, आठवतं? तू पाणी ओतत होतीस. "काया पडला रे लेका, वळखू येऊन नाई राह्यला," ती म्हणत होती आणि पाठ खसाखसा घासत होती. पाठीवरच्या चट्ट्यांवरून तिचा हात फिरत होता आणि मला तिचा हात तिथं कळत नव्हता. कोळसा उगाळावा तितका काळा, असं म्हणून तू हसलीस. मीही हसलो. मग मायनं हाताकडं पाहिलं, फेस पांढराच्या पांढरा होता. तिनं तुला अजून पाणी ओतायला सांगितलं.

खोलीवर गोळ्यांची पाकिटं मी दंतमंजनाच्या डब्यात ठेवायचो. लाल कॅप्सूल घेतली की लघवी लाल होते, म्हणून त्या दिवशी मशीनच्या मागच्या झुडपांत जायचो. सोबतचे दोघं एका ताटात जेवायला बोलवायचे, तर मला भूक नाही. हळूहळू भूक खरंच गेली. रविवारी रामाळा तलावाच्या काठी जाऊन बसायचो आणि पाण्याकडं पाहत विचार करायचो की आपण नसलो तर सगळ्यांचं किती सोपं होईल. दवाखान्यात हात पाहायचे, पाय पाहायचे, डोळ्यांची उघडझाप पाहायचे. झोप येते का, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही, आणि त्यांनी विचारलं असतं तरी मी छान येते म्हटलं असतं. मायला पत्र जायचं, खुशाल आहे.

दुसऱ्या वर्षी फागुनात मी गोळ्या घ्यायला गेलो तेव्हा पडवीतल्या शेवटच्या खाटेवर पार्बताबाई बसली होती. पायाची जखम चिघळल्यानं तिला तिथं भरती केलं होतं. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. तिला फार आनंद झाला, हे मला आजही बोचतं.

"यशवंता? भागरथेचा ना तू?"

मी म्हणालो, "मी जिवतीकडचा. तुमची काही चूक होते."

तपासणारे भाऊ टेबलावरून उठून आले. त्यांनी तिला विचारलं, ओळखता का बाई यांना, आम्ही यांच्या जवळच्यांना शोधतो आहोत. पार्बताबाईनं माझ्याकडं परत एकदा नीट पाहिलं. मग ती म्हणाली, "नाई भाऊ. आमच्या गावचा नोहे हा. मया डोया आता काम करत नाई."

भाऊ गेल्यावर मी तिच्या खाटेपाशी उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्या इतक्या जवळ उभा होतो. माझ्या नाळेवर ब्लेड चालवणारे ते हात मांडीवर पडले होते, बोटं आत वळलेली. ती हळू आवाजात म्हणाली, "गाव खरं लिव, बाप्पा. गाव लिवलं का हे लोक घरी येतेत, सगळ्यायले पाहतेत. मले वेळेवर कोनी पाह्यलं नाई. तुये माय आहे, बहीन आहे."

मी म्हणालो, सुमनचं लगन व्हायचं आहे.

"लगनाले माय धड पाहिजे का नाई?"

मी पुढच्या महिन्यात खरं लिहितो म्हणालो. पुढचा महिना आला आणि गेला. ती बरी होऊन गावी परतली आणि तिनं कोणाकडं शब्द काढला नाही.

तेंदूच्या हंगामात मी चार दिवस गावी आलो. माय आणि तू पहाटे जंगलात जायच्या, दुपारी अंगणात चिंचेखाली बसून पानांचे पुडे बांधायच्या. सत्तर पानांचा एक पुडा, वर सालीची दोरी. मायचे पुडे फळीवर, पानं मोजून घेतात तिथं, सगळ्यात घट्ट असतात, असं फळीवरचा मुनशी म्हणायचा. त्या वर्षी तिचे पुडे सुटत होते. ती बांधायची आणि पानं सरकायची. तू तिला हसलीस, म्हातारी झालीस म्हणून. मी पाहत होतो. तिच्या डाव्या हाताची करंगळी बाजूच्या बोटाला मिळत नव्हती.

मला ते कळलं. सुमन, आपल्या अंगणात ते फक्त मला कळलं. माझ्या बोटांमध्ये कागदाचा तुकडा धरायला लावून तपासणारे भाऊ दर महिन्याला ओढून पाहायचे, कागद सुटला तर नस कमजोर. मायच्या बोटांतून पान सुटत होतं. मी उठलो, तिच्या हातातला पुडा घेतला आणि स्वतः बांधून दिला. दिवसभर बांधत बसलो. मायनं शेजारणीला कौतुकानं सांगितलं, पोरगा शहरात राहून बी काम नाई विसरला. चौथ्या दिवशी मी मोटारीत बसलो. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणतात. आमच्या घरी त्या मुठीत मायची बोटं होती.

त्यानंतर आठ महिने गेले. पावसाळा, रोवणी, कापणी. मी महिन्याच्या महिन्याला दवाखान्यात जात होतो आणि माझा कागद आता सुटत नव्हता. माझी नस बरी झाली होती. दर वेळी ठरवायचो, आज सांगू. दर वेळी माझ्यामागं रांग असायची.

पौषातल्या त्या दिवशी मी रांगेत चौथा होतो. पडवीच्या पायऱ्या चढून पार्बताबाई आली. दवाखान्यातून मिळालेल्या काळ्या रबरी चपला तिच्या पायात होत्या. तिच्यामागं, पदर डोळ्यांपर्यंत ओढून, माय.

ती दोघींची चाल मी मरेपर्यंत विसरणार नाही. पार्बताबाईनं मायचं मनगट धरलं होतं, लहान लेकराचं धरतात तसं. पुढं मला समजलं की भात घेऊन मायच दगडापाशी गेली होती, ताट गरम होतं, पार्बताबाईनं पाहिलं की हिच्या हाताला चटका बसतो आहे आणि ही ताट सोडत नाही. गावच्या डोळ्यांना नको म्हणून ती मायला इतक्या लांब घेऊन आली. मी सांगितलं नाही, म्हणून जिच्याशी कोणी बोलत नव्हतं तिला ते करावं लागलं.

बाई रांगेत न थांबता सरळ टेबलापाशी गेली. भाऊंनी मायचा हात उताणा केला. दोन बोटं वाकली होती. त्यांनी हळहळून म्हटलं, बाई, आठ-दहा महिने आधी आल्या असत्या तर. मग कार्ड काढलं. नाव? भागरथा. गाव? मायनं एक श्वास घेतला आणि स्पष्ट सांगितलं, "चिंचटोला, पोंभुर्ण्यापाशी."

"घरात माणसं किती?"

"आम्ही मायलेकी दोघी. एक पोरगा आहे, तो इथी कोयशात कामाले रायते. त्याले नोका तरास देऊ भाऊ, तो चांगला आहे. आमच्यात येत बी नाई जास्त."

मी तीन माणसांच्या अंतरावर हातात कार्ड घेऊन उभा होतो. त्या कार्डावर लिहिलं होतं, एकटाच. माय वळली आणि तिनं मला पाहिलं.

सुमन, तिनं आधी काय केलं सांगू? हात पदराखाली लपवला. ती माझ्यापाशी आली, घाईघाईनं मला पायऱ्यांखाली घेऊन गेली आणि इकडंतिकडं पाहत म्हणाली, "तू इथी काऊन आला रे? कोनी पाह्यलं तर तुयी नोकरी जाईन." माझं कार्ड तोवर खिशात गेलं होतं. मी तोंड उघडलं. काय बोलणार होतो ते मला खरंच आठवत नाही. माझ्या आधी पार्बताबाईच बोलली. ती मागून आली होती. मायकडं न पाहता, माझ्या डोळ्यांत पाहत ती म्हणाली, "तुलेच पाहाले आला तो, भागरथा. कोनाजवळून आयकलं असन."

तिनं मला वाट करून दिली होती. त्या वाटेनं जायचं की नाही, हे तिनं माझ्यावर सोडलं. मी गेलो. मी म्हणालो, हो माय.

मग माय रडली. म्हणाली की माझ्यापायी घराला डाग लागला, माझ्यापायी सुमनचं लगन अडेल, मीच कुठून तरी हे घरात आणलं. "मले माफ कर बाप्पा." तिनं वाकडा हात पदरातून काढला आणि दुसऱ्या हाताला जोडला, माझ्यासमोर. मी ते जोडलेले हात धरून खाली केले आणि म्हणालो, "होऊ दे माय. दवा घे, बरी होशीन."

मी तिला माफ केलं. हे वाक्य लिहायला मला पस्तीस वर्षांच्या वर लागली. कोणाचं कोणाला लागलं हे कोणताच डॉक्टर सांगू शकत नाही. हा रोग अंगात वर्षानुवर्षं दबून राहतो, माझ्याआधीपासून तो तिच्यात असेलही. त्याची लाज मला नाही. आठ महिने मला माहीत होतं आणि मी पुडे बांधत बसलो, आणि वर तिची माफी घेतली, याची आहे.

पुढचं तुला ठाऊक आहे. भाऊ सायकलीनं चिंचटोल्याला आले, त्यांनी तुला तपासलं, तू स्वच्छ निघालीस. गावात दोन दिवस कुजबुज झाली, तिसऱ्या दिवशी कोणाची तरी म्हैस हरवली आणि लोक तिकडं लागले. एक स्थळ परत गेलं. दुसऱ्या स्थळाला मायनं स्वतःच हात दाखवला. तुझ्या सासूला म्हणाली, पोरगी तपासलेली आहे, कागद आहे, आणि पोरगा दूर राहतो, त्याले काई नाई. तुझ्या सासूनं कागद पाहिला आणि म्हणाली की आमच्या घरी दमा आहे, घरोघरी मातीच्या चुली. ज्या गोष्टीच्या भीतीनं मी दोन वर्षं जिवतीचा झालो ती इतक्यात उरकली.

विहारात तुझ्या लग्नाला सगळ्यांसोबत हात जोडून मी पंचशील म्हटलं. खोटं बोलणार नाही, हे चौथं शील आलं तेव्हा माझा आवाज बाहेर निघाला नाही. पंगतीनंतर पार्बताबाईचं ताट मी घेऊन गेलो. वाटलं होतं तिच्यापाशी बसून जेवावं. बोडीच्या पाळीवर वऱ्हाडातले चार जण हात धुवत होते. मी ताट दगडावर ठेवलं. ती झोपडीतून म्हणाली, "जाय, पाहुन्यायले वाढ." निदान एक शब्द बोलावा म्हणून मी थांबलो, पण तो शब्द काय असावा ते ठरेना. दोन वर्षांनी ती गेली. मला महिन्याभरानं कळलं.

मी बरा झालो, रंग परत आला, लग्न झालं. बायकोला टाचेचा डाग कोळशाचा म्हणूनच माहीत आहे. आज तीही हे वाचेल. म्हातारपणी मी मायला चंद्रपूरला आणलं. तिचा रोग कधीचाच गेला होता, बोटं तेवढी वाकडी राहिली. ती येताना आपली जर्मनची थाळी घेऊन आली आणि शेवटपर्यंत त्याच थाळीत जेवली. थाळी स्वतः घासायची आणि खिडकीत वेगळी पालथी घालायची. नातवंडांना मांडीवर घ्यायची नाही. पोरं तिच्याकडं झेपावायची आणि ती हात पाठीमागं घ्यायची. डॉक्टरनं समजावलं, माझ्या बायकोनं समजावलं, ती हसून म्हणायची, असू द्या. दिवसेंदिवस बोलणं कमी होत गेलं. दुपारभर खिडकीशी बसून राहायची. तिला कसलं औषध हवं होतं ते घरात फक्त मला माहीत होतं. "माय, मलेही होता," एवढंच सांगायचं. चार शब्दही नाहीत. अकरा वर्षं ती माझ्या घरात राहिली. मी तिला ते दिलं नाही, आणि ती घर नासवलं या समजुतीतच गेली.

ती गेल्यापासून त्या थाळीत मी जेवतो. पोरांना वाटतं बाबांची मायवर फार माया.

आता इतक्या वर्षांनी का लिहितो आहे? मागच्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या एका बाईनं मला सोबत यायला सांगितलं. तिच्या रक्तात एचआयव्ही निघाला होता. माहेरी-सासरी कोणालाही सांगितलेलं नव्हतं. गोळ्या सुरू करायच्या होत्या, आता त्या मिळतात आणि माणूस वर्षानुवर्षं नीट जगतो, हे तिला समजलं होतं. पण एकटीनं जायला पाय उचलत नव्हता. मी निवृत्त, पांढऱ्या केसांचा, विश्वासाचा माणूस. केंद्रावरच्या ताईंनी फार नीट विचारपूस केली. झोप लागते का, जेवण जातं का, मनात नको नको ते विचार येतात का, हेही विचारलं. मग अर्ज पुढं केला. बाई माझ्याकडं वाकली आणि कानाशी म्हणाली, "भाऊ, गाव कोनतं सांगू?"

मी म्हणालो, "खरं सांगा बाई." एवढंच म्हणून मी बाहेर आलो. बाकावर बसलो. ती बाहेर आली आणि तिनं मला पाणी आणून दिलं. तिला वाटलं मला उन्हाचं काही झालं.

तुम्ही जे गावी राहिलात आणि जे माझ्यासारखे निघून गेलात, सगळे एकमेकांना विचारता, घर कुठं तुमचं. मी चंद्रपुरात प्लॉट घेतला, दोन मजले चढवले, गेटवर नाव घातलं. चिंचटोल्याचं घर पडलं, जागेवर आता शेजाऱ्यांचा गोठा आहे. तरी माझं घर या दोन्हीपैकी एकही नाही. ते त्या पडवीतल्या कार्डावरची एक ओळ आहे. मी ती चुकीची भरली. दुरुस्त करून घ्यायला टेबलापाशी आता ते भाऊ नाहीत. म्हणून तुझ्यासमोर भरतो, सुमन.

नाव यशवंत. आजार कुष्ठरोग, बरा झालेला. गाव चिंचटोला, पोंभुर्ण्यापाशी.

घरात माणसं चार. मी. माय भागरथा. बहीण सुमन. आणि बोडीच्या पाळीखाली राहणारी पार्बताबाई.